व्हर्नेटाच्या हातची चिठ्ठी

खासदार ॲशबी पडला तो आमच्या वस्तीमुळे, हे आता टीव्हीवरच्या शहाण्यांनी ठरवूनच टाकलंय. कोणी म्हणतो आमचे लोक आळशी. कोणी म्हणतो, छे, ते रागावले होते, पक्षाला धडा शिकवायचा होता त्यांना. अरे हट्! त्या दिवशी सकाळपासून मतदानाच्या दाराशी मी उभा होतो, व्हर्नेटा गॅस्किन्सच्या शेजारी. काय झालं ते मला विचारा की. पण मला कोण विचारतोय? मी क्लाइड पर्नेल, फिलाडेल्फियातल्या ट्रॉलीचा, म्हणजे रुळांवरच्या ट्रामचा, रिटायर्ड ड्रायव्हर. गुडघे गेलेत, तोंड तेवढं शाबूत आहे, म्हणून सांगतो.

आमच्याकडे दर विभागाला पक्षाचे दोन कमिटीवाले असतात. लोकांनी निवडून दिलेले, बिनपगारी. आमच्या विभागाची एक व्हर्नेटा आणि दुसरा मी. दुसरा म्हणजे अगदी दुसराच. ती बोलायची, मी खुर्च्या उचलायचो. वर्षभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि निवडणुकीच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्राच्या दाराबाहेर, आखलेल्या रेषेच्या अलीकडे उभं राहून येणाऱ्याच्या हातात पक्षाची चिठ्ठी द्यायची, हे आमचं काम. चिठ्ठीवर पक्षाच्या उमेदवारांची नावं छापलेली असतात. गव्हर्नर कोण, खासदार कोण, राज्याच्या सभागृहात कोण. खाली बारीक अक्षरात हो-नाही असं मत द्यायचे दोन-तीन प्रश्न, जे वकिलालाही कळू नयेत अशा बेताने लिहिलेले.

लोक ती चिठ्ठी वाचत नसत. व्हर्नेटाच्या हातून घ्यायची आणि आत जायचं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की चिठ्ठ्या आल्या की व्हर्नेटा आपल्या घराच्या पायऱ्यांवर जाड काळा मार्कर घेऊन बसते आणि जे नाव तिला पटलं नाही त्यावर फुली मारते. एकेका चिठ्ठीवर, हाताने. एकदा तर शेरीफच्या उमेदवारावरच मारली होती. वॉर्डाचा लीडर थॅडियस ब्रॉडनॅक्स थयथयाट करत आला. ती म्हणाली, "थॅडियस, शाळेत तुझ्या ताटात मी वाटाणे वाढलेत, ते तू टेबलाखाली टाकायचास तेही पाहिलंय. माझ्यावर आवाज चढवू नकोस." जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या बाईपुढे आमचा लीडर काय बोलणार? गेला गुमान.

तिची आई साउथ कॅरोलायनातून आलेली. तिकडे मत द्यायला गेली म्हणून मालकाने तिला कामावरून काढलं होतं, हे व्हर्नेटाने मला एकदाच सांगितलं, तेही एका मतदानाच्या दिवशी पावसात मी रेनकोट विसरलो आणि घरी जातो म्हणालो तेव्हा. त्यानंतर मी कधी हवेबद्दल कुरकुर केली नाही.

आता ॲशबीचं सांगतो. मागच्या खेपेला तो मत मागायला आमच्या गल्लीत आला, बाह्या सरसावून व्हर्नेटाच्या पायऱ्यांवर बसला. आमचं हॉस्पिटल बाहेरच्या एका कंपनीने विकत घेतलं होतं आणि ते बंद होणार अशी कुजबुज होती. व्हर्नेटाने त्याला सरळ विचारलं, "हॉस्पिटल राहणार का?" त्याने तिचा हात हातात घेतला. "मिस व्हर्नेटा, मी खासदार असेपर्यंत त्या दाराला कुलूप लागणार नाही." मी तिथंच होतो. तो शब्द तिने दारोदार पोचवला. खासदार म्हणाला असं नाही, मी सांगते असं म्हणून पोचवला. तिथं चुकलं तिचं.

पुढच्या हिवाळ्यात कुलूप लागलं. जागा फ्लॅटवाल्यांना गेली. ॲशबी भाषणात म्हणाला, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. बघा! आमच्या तोंडाला पानं पुसताना या लोकांना नेहमी गुंतागुंत कशी सापडते? मग कळलं की हॉस्पिटल घेणाऱ्या त्याच कंपनीच्या मालकांनी त्याच्या प्रचाराला पैसा पुरवला होता.

आणि उन्हाळ्यात ल्यूथर गेला. ल्यूथर यूबँक्स, व्हर्नेटाचा शेजारी. छपरं घालायचा, माणूस मोठा हसरा. सकाळी छातीत कळ आली. पूर्वीसारखं असतं तर चालत गेला असता हॉस्पिटलात, इतकं जवळ होतं. ॲम्ब्युलन्स त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन निघाली, वाटेत पुलावरच तो संपला. बायको ओडेसा शेजारी बसलेली, त्याचा बूट हातात घेऊन. अंत्यविधीनंतर व्हर्नेटा तिला म्हणाली, "शब्द मी आणला होता गं तुझ्या दारात." ओडेसा म्हणाली, "तू आणलास. दिला त्याने होता. पुरे आता."

ओडेसाने पुरे म्हटलं, व्हर्नेटाचं पुरे झालं नाही. या मे महिन्यात पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक आली, तेव्हा ॲशबीविरुद्ध मारिसोल तिरादो उभी राहिली. बंद पडलेल्या हॉस्पिटलातली तातडीच्या विभागातली नर्स, पोर्टो रिकोच्या आईबापांची पोर, बोलायला लागली की भिंतीला घाम फुटेल. तिच्यामागे सगळी तरणी पोरं. कुणाच्या नाकात रिंग, कुणाचे केस हिरवे. मला वाटलं ही सर्कस काय करणार? पण पोरं कामाला वाघ होती. व्हर्नेटाने ॲशबीच्या नावावर फुली मारली आणि वर मारिसोलचं नाव लिहिलं. आमच्या विभागात मारिसोल जिंकली. बाकीकडे पक्षाने सगळा जोर लावला. वरून हुकूम सुटला, तिचं काम करणाऱ्या कुठल्याही छापखान्याला, कुठल्याही प्रचारवाल्याला पुन्हा पक्षाचं काम मिळणार नाही. आपल्याच पोरीला पाडायला जेवढी ताकद लावली, तेवढी हॉस्पिटलासाठी लावली असती तर? जाऊ दे. मारिसोल पडली.

मग नोव्हेंबर. राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध येणारी ही निवडणूक, एरवी आमची गल्ली सोडली तर तिला कुत्रं विचारत नाही. पण यंदा मतदारसंघाच्या सीमा बदलल्या होत्या, बाहेरची बंगलेवाली गावं आमच्यात घुसवली होती, आणि ॲशबीची खुर्ची डळमळायला लागली होती. समोरच्या पक्षाचा उमेदवार छातीठोकपणे सांगत होता की गरिबांची सरकारी उपचाराची कार्डं मी निम्म्यावर आणतो. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात ते कार्ड. ओडेसाचं इन्सुलिन त्याच्यावर, माझ्या गुडघ्यांची इंजेक्शनं त्याच्यावर. म्हणजे ॲशबी आला तर खोटारडा येणार, आणि पडला तर कार्डं जाणार. घ्या, निवडा!

ऑक्टोबरात वॉर्डाची सभा झाली. सभा संपल्यावर ब्रॉडनॅक्स ॲशबीला घेऊन आमच्याकडे आला.

"व्हर्नेटा," ब्रॉडनॅक्स म्हणाला, "मे महिन्याचं विसरलो आम्ही. आता घरचे सगळे एक. या वेळी फुली नको."

"तू विसरलास थॅडियस, कारण जिंकलास," ती म्हणाली. मग ॲशबीकडे वळली. "मला तुमच्याकडून काही नको. शनिवारी दुपारी या, ओडेसा यूबँक्सच्या पायऱ्यांसमोर उभे राहा आणि गल्लीला सांगा, मी शब्द दिला होता, मी तो पाळला नाही, माझं चुकलं. एवढंच. मग मी स्वतः तुमचं नाव घेऊन दारोदार जाते."

ॲशबीने मान खाली घातली. खरंच वाईट वाटलं असेल त्याला, मी नाही म्हणत नाही. "येतो," म्हणाला. "शनिवारी."

शनिवारी आम्ही गल्लीत घडीच्या खुर्च्या मांडल्या. लोक आले, म्हातारे टॉलिव्हर आपला कुत्रा घेऊन आले, मारिसोलही आली आणि हाताची घडी घालून मागे उभी राहिली. ओडेसाने चर्चला जायचा निळा झगा घातला होता. दुपार गेली. कोणी आलं नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा एक गाडी थांबली, त्यातून कोट घातलेला एक पोरगा उतरला, बरोबर फोटोवाला. खासदारसाहेब बंगलेवाल्यांच्या गावात अडकलेत म्हणाला. आणि गुळगुळीत कागदाची पत्रकं वाटायला लागला. त्यात हॉस्पिटलचा हसुद्धा नव्हता. व्हर्नेटाने विचारलं, तर तो बिचारा खरं बोलून गेला, "मॅडम, तो विषय काढायचा नाही असं वरून ठरलंय. बाहेरच्या मतदारांना नकारात्मक वाटतो."

"नकारात्मक," ओडेसा म्हणाली. उठली आणि घरात गेली. लोकांनी आपापल्या खुर्च्या मिटल्या. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी दिली, पण माझ्या शिव्यांना काय किंमत?

त्या संध्याकाळी मारिसोल व्हर्नेटाच्या स्वयंपाकघरात बसली होती. मीही होतो.

"मिस व्हर्नेटा, तुम्ही चिठ्ठ्या घेऊन दाराशी उभ्या राहू नका," मारिसोल म्हणाली. "पडू दे त्याला. एकदा पडल्याशिवाय या पक्षाचे डोळे उघडणार नाहीत. दर वेळी तेच सांगतात, समोरचा वाईट आहे, या खेपेला गप्प बसा. किती वर्षं गप्प बसायचं?"

"मी कधी गप्प बसले?"

"तुम्ही नाही. पण तुमच्या चिठ्ठीमुळे त्यांचं फावतं. त्यांना माहीत आहे, काहीही केलं तरी व्हर्नेटा गॅस्किन्स माणसं आणून देणार. राग येतो मला! तुमच्यावर नाही, पण येतो."

"ये ना राग, मीच कुठं नाही म्हणते?" व्हर्नेटा म्हणाली. "पडेल तो, आणि शिकतील ते. पण त्या शिकवणीची फी कोण भरणार गं? ॲशबी? तो कुठल्यातरी कंपनीत मोठ्या पगारावर जाऊन बसेल. फी ओडेसा भरणार. तू नर्स आहेस, इन्सुलिन चुकलं की काय होतं ते मी तुला सांगू?"

मारिसोलने मान खाली घातली. मग रडायला लागली. व्हर्नेटाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो तसाच फिरवता फिरवता मला म्हणाली, "पर्नेल, मी यंदा मार्कर उघडणार नाही. लोकांना खरं सांगेन. तो खोटं बोलला, तरी मत द्या, कार्डांसाठी द्या. माझी माणसं समजून घेतील." मी म्हणालो, बघ बाई. मला काहीतरी बरं वाटत नव्हतं, पण मी खुर्च्या उचलणारा माणूस.

मग आम्ही दारोदार फिरलो. प्रत्येक पायरीवर ती तेच बोलली, काही न लपवता. आणि काय सांगू, लोक इतके गोड वागले! "हो हो, मिस व्हर्नेटा." "येतो ना, मिस व्हर्नेटा." "तुम्ही थंडीत कशाला फिरता?" टॉलिव्हर, जे तिच्याशी पावसावरूनही हुज्जत घालायचे, ते म्हणाले, "तू म्हणतेस तसं." ओडेसाने दार उघडलं, ऐकून घेतलं, तिच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि म्हणाली, "सांभाळून जा." व्हर्नेटा खूश. म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

निवडणुकीच्या दिवशी एरवी दार उघडायच्या आधीपासून रांग असते. कामावर जाणारे, रात्रपाळी करून येणारे, कॉफीचे पेले, एकमेकांची टिंगल. त्या दिवशी आम्ही पोचलो तर दाराशी आम्ही दोघंच. टेबल मांडलं, चिठ्ठ्या लावल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक वीट ठेवली.

"थंडी आहे," व्हर्नेटा म्हणाली.

सगळ्यात आधी कोण आलं असेल? मारिसोल. डोळे सुजलेले. रेषेपाशी थांबली, हात पुढे केला. "द्या चिठ्ठी."

"नाव माहीत आहे की तुला," व्हर्नेटा म्हणाली.

"माहीत आहे. तरी तुमच्या हातून द्या. नाहीतर माझ्याच्यानं व्हायचं नाही." चिठ्ठी घेऊन ती आत गेली आणि ज्या माणसाने तिला पाडलं त्याला मत देऊन बाहेर आली. मागे न बघता गेली. तिची हिरव्या केसांची दोन पोरंही आली, दात-ओठ खात आली पण आली. टीव्हीवरचे शहाणे म्हणतात या पोरांनी पक्ष बुडवला! मी स्वतः पाहिलंय ना!

नाही आली ती आमची गल्ली.

व्हर्नेटा म्हणाली, कामावरून सुटल्यावर येतील. दुपार झाली. टॉलिव्हर कुत्र्याला घेऊन कोपऱ्यावर दिसले, आमच्याकडे पाहिलं, आणि कुत्र्याला ओढत उलट्या दिशेने निघून गेले. कुत्रा बिचारा नेहमीच्या वाटेने यायला बघत होता. व्हर्नेटाने ते पाहिलं. चिठ्ठ्यांवरची वीट उचलून पुन्हा ठेवली.

"मी दारं वाजवून येतो," मी म्हणालो. दुपारनंतर जे आले नसतील त्यांना आणायला जायचं ही आमची नेहमीची रीत. गेलो. पहिल्या दाराशी आत टीव्ही चालू होता. मी वाजवलं, टीव्ही बंद झाला. दुसऱ्या दाराशी पडदा हलला. तिसऱ्या दारामागे कोणीतरी "श्श" केलेलं मी माझ्या या कानांनी ऐकलं. मोठी माणसं, आजोबा झालेली माणसं, कर्जवसुलीवाला आल्यासारखी दिवे मालवून बसली होती! ज्यांना मी जन्मभर ट्रॉलीतून नेलं-आणलं ती माणसं! असा संताप आला मला. मी गल्लीच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "बाहेर या रे, ती तिथं थंडीत उभी आहे!" कोणी आलं नाही.

परत आलो. व्हर्नेटाने माझं तोंड बघितलं आणि विचारलंच नाही. चिठ्ठ्या सारख्या करत बसली.

अंधार पडल्यावर ओडेसा आली. निळा झगा नाही, घरातला स्वेटर, हातात कागदाने झाकलेलं ताट. व्हर्नेटा झटकन उठली, चेहरा उजळला तिचा. चिठ्ठी पुढे केली. "आलीस! चल, दार अजून उघडं आहे."

ओडेसाने चिठ्ठी घेतली नाही. ताट टेबलावर ठेवलं. कोंबडी, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव. "सकाळपासून उपाशी असशील," ती म्हणाली. "मी मत द्यायला नाही आले गं. तुला जेवण द्यायला आले."

"ओडेसा, तुझं कार्ड जाईल."

"माहीत आहे."

"तुला एवढा राग आहे माझा?"

"राग?" ओडेसाला धक्काच बसला. "वेडी का तू? तुझा राग असता तर आलेच असते मी, सकाळी आले असते आणि सगळ्यांसमोर ती चिठ्ठी फाडली असती. मला त्या माणसाला मत देता येत नाही, व्हर्नेटा. पुलावर ल्यूथर माझ्या हातात गेला, माझा हात त्या नावावर जातच नाही. आणि तू दाराशी उभी. तू चिठ्ठी पुढे केलीस की मला घ्यावी लागणार. तुला तोंडावर नाही कसं म्हणू मी? टॉलिव्हरही तेच म्हणाले. सगळेच. तुला चारचौघांत नाही म्हणायचं आमच्याच्यानं होईना, म्हणून आम्ही घरीच बसलो. तुझ्यासाठी बसलो गं."

व्हर्नेटाने चिठ्ठी हळूच टेबलावर ठेवली.

"नको त्याला देऊस," ती म्हणाली. "फक्त आत जा. बाकीच्या नावांना दे. मी पाठ फिरवते, बघतसुद्धा नाही. मी घरी जाते, ओडेसा, मी आत्ता घरी जाते, तू सगळ्यांना बोलव." आणि खरंच ती कोटाची बटणं लावायला लागली, एक बटण भोकात जाईना.

ओडेसाने तिचे हात धरले. "आता राहू दे. गरम आहे तोवर खा."

दाराशी मतदान संपल्याची हाक झाली. आतल्या अधिकाऱ्याने बाहेर डोकावून आमच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. ओडेसा गेली. जाताना म्हणाली, ताट सावकाश परत दे.

व्हर्नेटा खुर्चीवर बसली होती. ताट मांडीवर, कागदही काढलेला नव्हता. मी चिठ्ठ्या खोक्यात भरत होतो, जवळजवळ सगळ्या उरल्या होत्या.

"पर्नेल," ती म्हणाली, "तीस वर्षं मी या लोकांच्या दारात गेले. एकाला तरी माझ्याशी भांडता यायला हवं होतं रे."

मी टेबल मिटलं. ती उठेपर्यंत तिथंच उभा राहिलो.